शेंगदाण्याचें लोणी : नैसर्गिक व कमी स्निग्धांशाचें
(पोषणाचा तुलनात्मक हिशेब)

१. विषयप्रवेश

भुईमूग हें आपल्या भागांतील जुनें व भरंवशाचें पीक आहे. खरिपांत पावसाच्या पाण्यावर आणि उन्हाळ्यांत विहिरीच्या पाण्यावर तें घेणारे शेतकरी या मासिकाच्या वाचकांत पुष्कळ असतील. शेंग विकावयाची, घरापुरतें तेल गाळून घ्यावयाचें, पेंड गुरांस घालावयाची, व राहिलेल्या दाण्याचें कूट भाजीस अगर चटणीस वापरावयाचें, एवढा या पिकाचा घरगुती व्यवहार आपणां सर्वांस ठाऊक आहे. अलीकडे मात्र याच दाण्याचें लोणी करून तें बरणींतून विकण्याचा प्रघात शहरांतून तालुक्याच्या पेठेंत व तेथून खेड्यांतील दुकानांपर्यंत येऊन पोंचला आहे. यास 'पीनट बटर' म्हणतात. नांवांत लोणी असलें तरी यांत दुधाचा थेंब नसतो. तो भाजलेल्या दाण्याचा वाटून केलेला गोळा होय.

या लोण्याच्या कांहीं बरण्यांवर 'नैसर्गिक' असें छापलेलें असतें, तर कांहींवर 'स्निग्धांश कमी केलेलें' असें असतें. या दोहोंत शरीरास हितकर कोणतें, हा प्रश्न आमच्या घरांतच उत्पन्न झाला, आणि त्याचा छडा लावतांना जें समजलें तें शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

हकीकत अशी कीं, आमच्या कुटुंबास गेलीं नऊ वर्षें मधुमेहाचा विकार आहे. डॉक्टरांनीं साखर बंद करून तेलतूपहि बेतानें खाण्यास सांगितलें आहे. गतवर्षीं चिरंजीवांचे एक स्नेही अमेरिकेहून आले, त्यांनीं भेट म्हणून शेंगदाण्याच्या लोण्याच्या दोन बरण्या आणल्या. एक नैसर्गिक व दुसरी कमी स्निग्धांशाची. घरांत सहजच वांटणी झाली. तेलाचा थर वर दिसणारी नैसर्गिक बरणी मुलांस, आणि कमी स्निग्धांशाची पथ्यकरी माणसास! भाकरीबरोबर एक चमचा लोणी घ्यावयाचें असें ठरलें होतें, त्याचे दोन झाले, दोनाचे तीन झाले. आम्हीं हटकलें तर उत्तर आलें, "अहो, कमी तेलाचें आहे ना तें? मग चमचाभर जास्त खाल्लें तर काय बिघडलें?" यावर आमच्याजवळहि उत्तर नव्हतें. पुढें महिन्याच्या तपासणींत जेवणानंतरची साखर नेहमींपेक्षां बरीच वाढलेली निघाली. ती केवळ त्या लोण्यामुळेंच वाढली असें आम्ही म्हणत नाहीं; सणासुदीचे दिवस होते. तथापि डॉक्टरांनीं काय काय खाल्लें हें विचारतां आम्हांस त्या बरणीची आठवण झाली, व घरीं येऊन चष्मा लावून आम्हीं तिची पाटी प्रथमच नीट वाचली. आमचें सारें आयुष्य महसुलाच्या कचेरींत दुसऱ्यांचे आकडे तपासण्यांत गेलें. परंतु स्वतःच्या घरांत आलेल्या बरणीचे आकडे महिनाभर तपासावेसे वाटले नाहींत, हा दोष आमचाच.

२. या पदार्थाचा पूर्वेतिहास

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेंतील. वनस्पतिशास्त्राप्रमाणें तो बदाम-अक्रोडाच्या वर्गांतील नसून तूर-हरभऱ्याच्या, म्हणजे द्विदल धान्याच्या, वर्गांतील आहे. म्हणूनच त्याच्या मुळांवर नत्र सांठविणाऱ्या गांठी असतात, व फूल वर येऊन त्याची आरी जमिनींत शिरली म्हणजे शेंग धरते.

दाण्याचें लोणी बाजारांत आणण्याचा उद्योग मात्र उत्तर अमेरिकेंतला. कॅनडांतील माँट्रियल येथील मार्सेलस एडसन यांस १८८४ सालीं भाजलेल्या दाण्याच्या लगद्याबद्दल अमेरिकेचें पेटंट मिळालें. पुढें १८९५ सालीं बॅटल क्रीक येथील आरोग्यभवनाचे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनीं दाणे शिजवून वाटण्याच्या आपल्या कृतीसाठीं अर्ज केला. मांस न खाणाऱ्या रोग्यांस पौष्टिक अन्न मिळावें हा त्यांचा उद्देश होता. १९०४ सालीं सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनांत हें लोणी विक्रीस होतें. टस्कीगी येथील कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे या लोण्याचे जनक अशी समजूत आहे, ती बरोबर नाहीं. त्यांचें खरें कार्य शेतकऱ्यांच्या दृष्टीनें याहून मोठें आहे. कपाशीमागून कपाशी घेऊन जमिनी निकृष्ट झालेल्या गरीब शेतकऱ्यांस त्यांनीं भुईमुगासारखीं पिकें घेण्यास शिकविलें, व भुईमुगाची लागवड आणि तो खाण्याचे १०५ प्रकार यांवर १९१६ सालीं एक पुस्तिका काढली.

आरंभीं हें लोणी म्हणजे दाणा व मीठ एवढेंच असे. परंतु ठेवलें असतां तेल वर व गाळ खालीं राहावयाचा, आणि वरचें तेल लवकर खवट व्हावयाचें. १९२० नंतरच्या दशकांत जोसेफ रोझफील्ड या रसायनज्ञानें, ज्या क्रियेनें तेलाचें वनस्पति तूप करतात तीच क्रिया येथें योजून, तेल वर न येणारें लोणी तयार केलें. येथून निर्भेळ दाण्यांत इतर पदार्थ मिसळण्यास प्रारंभ झाला. मिश्रण वाढत गेल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें १९५९ सालीं, दाण्याचें प्रमाण ९५ टक्के असल्याखेरीज या मालास शेंगदाण्याचें लोणी म्हणूं नये, असा नियम सुचविला. कारखानदारांनीं हरकती घेतल्या, सुनावण्या झाल्या, आणि सुमारें बारा वर्षांच्या वादानंतर १९७१ मध्यें ९० टक्क्यांवर निकाल लागला. कमी स्निग्धांशाच्या बरणीवर नुसतें 'बटर' असें न लिहितां 'बटर स्प्रेड' असें कां लिहिलेलें असतें, त्याचें कारण हेंच. तीं नव्वद टक्क्यांच्या अटींत बसत नाहीं. आमच्या बरणीवर बारीक अक्षरांत दाण्याचें प्रमाण ६० टक्के दिलें होतें.

३. स्निग्धांश कमी करतात म्हणजे काय करतात

शेंगदाण्यांत जवळ जवळ निम्मा भाग तेल व चतुर्थांश भाग प्रथिनें असतात. त्यांतील तेल कमी करावयाचें तर मार्ग दोनच. एक, दाणा दाबून तेल काढून घेणें. दुसरा, दाणाच कमी घालून त्याच्या जागीं तेल नसलेली दुसरी वस्तु घालणें. कमी स्निग्धांशाच्या बरणींत बहुधा दुसरा मार्ग असतो. आमच्या बरणीवर घटक पदार्थ पुढील क्रमानें लिहिले होते : दाणे, कॉर्न सिरप सॉलिड्स म्हणजे मक्याच्या पिठापासून केलेला गोड पाक वाळवून केलेली भुकटी, साखर, वाटाण्याचें प्रथिन, मीठ, घट्ट केलेलें वनस्पति तेल, व मिश्रण एकजीव राखणारीं द्रव्यें. पाटीवरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें लिहावे असा नियम आहे. सबब दाण्याखालोखाल वजन मक्याच्या भुकटीचें, हें उघड आहे. नैसर्गिक बरणीवर 'दाणे' एवढा एकच शब्द होता.

अर्थात् शंभर तोळे माल घ्यावा तर पहिल्यांत शंभर तोळे दाणा, व दुसऱ्यांत साठ तोळे दाणा आणि चाळीस तोळे इतर. दाणा पिकविणाऱ्यानें ही गोष्ट दोन बाजूंनीं लक्षांत घ्यावी. खाणारा म्हणून त्यास दाणा कमी मिळतो, आणि पिकविणारा म्हणून त्याच्या दाण्याची जागा मक्याची भुकटी घेते.

४. आंकड्यांचा ताळा

या दोन मालांच्या पाटीवरील आंकडे कंपनीगणिक थोडेबहुत बदलतात. परंतु सर्वसाधारण प्रमाण खालीलप्रमाणें आढळतें.

दोन टेबल-चमचे प्रमाणास :

वजन : नैसर्गिक ३२ ग्रॅम, कमी स्निग्धांशाचें ३६ ग्रॅम
उष्मांक : नैसर्गिक १९०, कमी स्निग्धांशाचें १९०
स्निग्ध पदार्थ : नैसर्गिक १६ ग्रॅम, कमी स्निग्धांशाचें १२ ग्रॅम
प्रथिनें : नैसर्गिक ८ ग्रॅम, कमी स्निग्धांशाचें ७ ग्रॅम
कर्बोदकें : नैसर्गिक ७ ग्रॅम, कमी स्निग्धांशाचें १५ ग्रॅम
पैकीं साखर : नैसर्गिक १ ते २ ग्रॅम, कमी स्निग्धांशाचें ४ ग्रॅम
तंतु : नैसर्गिक सुमारें ३ ग्रॅम, कमी स्निग्धांशाचें सुमारें २ ग्रॅम

या कोष्टकांत पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही कीं, उष्मांक दोहोंत एकच आहेत. स्निग्धांश १६ वरून १२ वर आला, म्हणजे बरोबर चतुर्थांश कमी झाला. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें 'कमी स्निग्धांशाचें' हें बिरूद लावण्यास किमान तितकीच घट लागते. मग उष्मांक कां उतरले नाहींत? जमाखर्च मांडून पाहूं. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारें ९ उष्मांक मिळतात. प्रथिन व कर्बोदक यांच्या एक ग्रॅमापासून प्रत्येकीं सुमारें ४. स्निग्धांश ४ ग्रॅम घटला, वांचले ३६. प्रथिन १ ग्रॅम घटलें, वांचले ४. एकूण ४०. उलट कर्बोदकें ८ ग्रॅम वाढलीं, त्यांचे आले ३२. बाकी राहिली अवघी ८. आणि पाटीवरचे आंकडे शून्यांत पूर्ण करून लिहिण्याची रीत असल्यानें तीहि नाहींशी झाली. एका खात्यांतून काढून दुसऱ्या खात्यांत भरल्यानें शिल्लक वाढत नाहीं, हें आम्हीं कचेरींत पुष्कळदां पाहिलें होतें. तें बरणींतहि पाहावयास मिळालें.

दुसरी गोष्ट वजनाची. चमचे दोहोंकडे दोनच, पण वजन एकाचें ३२ व दुसऱ्याचें ३६ ग्रॅम. तेल हलकें व साखर जड, त्यामुळें माप तेंच राहून वजन वाढतें. पायलीभर निरनिराळें धान्य वजनास सारखें भरत नाहीं, तसाच हा प्रकार. म्हणून दोन्ही माल शंभर ग्रॅमांवर आणून तुलना करणेंहि न्याय्य होईल. तशी केली असतां नैसर्गिक लोण्याचे उष्मांक सुमारें ५९४ व कमी स्निग्धांशाच्या लोण्याचे ५२८ येतात. स्निग्धांश ५० व ३३, प्रथिनें २५ व १९, कर्बोदकें २२ व ४२ ग्रॅम येतात. वजनानें पाहतां उष्मांकांत सुमारें नवव्या हिश्शाची घट आहे, हें मान्य केलें पाहिजे. परंतु घरांत कोणी लोणी तोलून खात नाहीं, चमच्यानें खातो. आणि चमच्याच्या हिशेबांत कांहीं उरत नाहीं. उलट 'कमी' या शब्दावर विसंबून माणूस एक चमचा अधिक घेतो, तो सारा खर्चाच्या बाजूस जातो.

तिसरी गोष्ट मधुमेही माणसानें विशेष लक्षांत ठेवावी. पाटीवर साखर ४ ग्रॅम दिसते, ती पाहून आम्ही स्वतः प्रथम निर्धास्त झालों होतों. परंतु मक्याच्या भुकटींतील ज्या लांब साखळ्या असतात त्यांची गणना पाटीवरील 'साखर' या सदरांत होत नाहीं. त्या केवळ 'कर्बोदकें' या सदरांत जमा होतात, आणि पोटांत गेल्यावर सुटून लवकर साखरच होतात. याकरितां 'साखर' ही एकच ओळ न वाचतां 'कर्बोदकें' ही वरची ओळ वाचावी. येथें ती ७ ची १५ झाली आहे. दिवसास तीन-चार चमचे घेणाऱ्यास हा फरक लहान नाहीं.

चौथी गोष्ट मिठाची. निव्वळ दाण्याच्या लोण्यांत सोडियम नांवापुरतें असतें. कमी स्निग्धांशाच्या मालांत चव भरून काढण्यासाठीं मीठ घालतात, व दोन चमच्यांत दीडशें मिलिग्रॅमच्या वर सोडियम येतें. रक्तदाबाच्या रोग्यानें याचा विचार करावा.

५. जें काढलें तें टाकाऊ होतें काय

कोणी म्हणेल, "उष्मांक सारखे राहिले, पण चार ग्रॅम तेल तरी टळलें ना?" हा प्रश्न योग्य आहे, परंतु टळलेलें तेल कोणत्या जातीचें हें पाहिलें पाहिजे. शेंगदाण्याच्या स्निग्धांशांत सुमारें निम्मा भाग ऑलिइक आम्लाचा, तृतीयांशाजवळ लिनोलिइक आम्लाचा, व सातवा हिस्सा संपृक्त आम्लांचा असतो. पहिलीं दोन हृदयास हितकर मानलीं जातात. तुपांतील व पामतेलांतील स्निग्धांशांत संपृक्त भाग याहून पुष्कळ अधिक असतो. असा स्निग्धांश काढून त्याच्या जागीं साखर व पिष्ट भरल्यानें हृदयाचें हित होत नाहीं, असें आजचें आहारशास्त्र सांगतें. शिवाय दाणा कमी झाला म्हणजे त्याच्याबरोबर येणारें ई जीवनसत्त्व, नायसिन, मॅग्नेशियम व तंतु हींहि कमी होतात. कांहीं कारखानदार जीवनसत्त्वें वरून घालतात. म्हणजे आधीं काढावयाचें आणि मग घालावयाचें.

मधुमेहाबाबत एक मोठी पाहणी उल्लेखनीय आहे. अमेरिकेंत १९८० पासून ८३ हजारांहून अधिक परिचारिकांच्या आहाराची नोंद ठेवून त्यांच्या प्रकृतीवर सोळा वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें, व निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून पांच अगर अधिक वेळां शेंगदाण्याचें लोणी खाणाऱ्या स्त्रियांत मधुमेह जडण्याचें प्रमाण, तें क्वचित् खाणाऱ्यांपेक्षां सुमारें एकपंचमांश कमी दिसलें. ही केवळ पाहणी आहे. लोण्यामुळेंच असें घडलें हें तिनें सिद्ध होत नाहीं, व ज्यास रोग जडला आहे त्याचें हें औषधहि नव्हे. परंतु शेंगदाण्यांतील तेल मधुमेही माणसाचें वैरी आहे ही जी समजूत घराघरांत आहे, तीस यावरून आधार मिळत नाहीं, एवढें खास.

६. दुसरी बाजू

एका पक्षाचा कैवार घेऊन दुसऱ्याचें म्हणणें न ऐकणें बरें नव्हे. म्हणून नैसर्गिक लोण्याविरुद्ध काय सांगतां येईल तेंहि सांगतों.

पहिलें, नैसर्गिक लोणी हलकें अन्न नव्हे. दोन चमच्यांत १९० उष्मांक म्हणजे सुमारें दोन लहान पोळ्यांचे उष्मांक होत. बैठें काम करणाऱ्यानें तें पोळीऐवजीं धरावें, पोळीवर अधिक म्हणून नव्हे. शेतांत राबणाऱ्या गड्याची व वाढत्या मुलाची गोष्ट निराळी.

दुसरें, ज्यांस पित्ताशयाच्या अगर स्वादुपिंडाच्या विकारामुळें डॉक्टरांनीं सर्वच स्निग्ध पदार्थ मर्यादित करण्यास सांगितलें असेल, त्यांनीं त्यांच्याच सल्ल्यानें चालावें. अशांसाठीं खरोखर तेल काढलेली दाण्याची भुकटी मिळते. तींत दाणा दाबून बहुतेक तेल काढलेलें असतें, व पाण्यांत कालवून तिचा लगदा करतात. दोन चमच्यांस सुमारें ६० उष्मांक व दीड ग्रॅम स्निग्धांश एवढेंच भरतें. कांहींत साखर घातलेली असते ती पाहून घ्यावी. ही कल्पना आपल्या देशासहि नवीन नाहीं. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें शेंगदाण्याच्या कमी तेलाच्या पिठाचे तीन भाग व भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचा एक भाग मिसळून गोरगरिबांच्या पोषणासाठीं एक बहूपयोगी अन्न तयार केलें होतें. मात्र यावरून कोणी घाण्याची गुरांची पेंड खाऊं नये. ती माणसाच्या खाण्यासाठीं निवडलेल्या व स्वच्छ केलेल्या दाण्याची नसते.

तिसरें, 'नैसर्गिक' हा शब्द पाहूनहि भुलूं नये. कित्येक बरण्यांवर हा शब्द असतो, व मागें घटकांत पामतेल आणि साखर असते. खरी खूण ही कीं, घटकांत दाणे, व फार तर मीठ, याखेरीज कांहीं नसावें, आणि वर तेल तरंगत असावें. तेल तरंगणें हा दोष नसून निर्भेळपणाची साक्ष आहे.

चौथें, कांहीं थोड्या माणसांस शेंगदाणा मुळींच सोसत नाहीं. अंगावर गांधी उठतात व श्वासहि कोंडतो. त्यांस दोन्ही प्रकार सारखेच वर्ज्य. लहान मुलांस घट्ट लोण्याचा गोळा चमच्यानें भरवूं नये; घशांत अडकतो.

७. लोणी दाण्याएवढेंच चांगलें

आतां जी गोष्ट सांगावयाची आहे ती आमच्या मतें या लेखांतील मुख्य होय. ती कारखान्यांतील नसून आपल्या खळ्यांतील आहे.

पाटी वाचल्यावर आम्हीं बरणी बंद केली आणि घरच्याच दाण्याचें लोणी करण्याचें ठरविलें. त्या वर्षीं काढणीच्या वेळीं परतीच्या पावसानें गांठलें होतें. शेंगा अर्धवट वाळवून पोत्यांत भराव्या लागल्या होत्या. पुढें व्यापारी आला तेव्हां नेहमींच्या रीतीप्रमाणें निवडक माल त्यास घातला, आणि फुटका, सुरकुतलेला, डागाळलेला दाणा घरास ठेवला. त्याच दाण्याचें लोणी केलें. त्यास किंचित् कडवट चव व कुबट वास आला. कूट करतांना इतके दिवस तो वास तिखटमिठांत झांकून गेला होता. एका कृषिसहायकांस दाखवितांच त्यांनीं सांगितलें, "हें टाका, गुरांसहि घालूं नका."

कारण असें. ओल्या व फुटक्या दाण्यावर अस्परजिलस फ्लेव्हस नांवाची बुरशी वाढते, व तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हें विष उत्पन्न होतें. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की पक्ष्यांचीं एक लाखाहून अधिक पिल्लें मेलीं. शोध करतां त्यांच्या खाद्यांतील ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडींत हें विष सांपडलें. तें दीर्घकाळ पोटांत गेल्यास यकृतास अपाय होतो व यकृताच्या कर्करोगाचें तें एक कारण आहे. भाजल्यानें तें पुरतें नाहींसें होत नाहीं. दाण्याचें तेल काढलें म्हणजे त्याचा मोठा भाग पेंडींत राहतो, व ती पेंड खाणाऱ्या दुभत्या जनावराच्या दुधांतहि त्याचा अंश उतरतो. मोठे कारखाने दाणा यंत्रानें निवडतात व प्रत्येक घाणीची तपासणी करवितात. घरच्या दाण्याची तपासणी करणारे आपले डोळे व नाक एवढेच. आणि बुरशी न दिसली तरी विष असूं शकतें, म्हणून संशयित दाणा ठेवूंच नये.

चांगला दाणा बाजारास व टाकाऊ घरास, ही आपल्या शेतकऱ्यांची जुनी खोड आहे. काटकसर म्हणून ती आपण मिरवितों. पण जें व्यापारी पैसे देऊन घेणार नाहीं तें आपण आपल्या मुलांबाळांस खाऊं घालतों, असा तिचा सरळ अर्थ आहे. त्या दिवसापासून आमच्या घरीं क्रम उलटा केला. व्यापाऱ्याचा कांटा लागण्यापूर्वीं घरखर्चाचें पोतें निवडून बाजूस काढतों, मग उरलेला माल तोलतों. वर्षाकांठीं थोडे रुपये कमी मिळतात, पण त्याबद्दल खेद वाटत नाहीं.

दाण्याविषयीं पुढील काळजी घ्यावी. पीक पक्व होतांच काढावें. वेल उपटल्यावर शेंगा वरच्या बाजूस येतील असे पसरून वाळवावे. शेंगांतील ओलावा ८ टक्क्यांच्या आंत आल्याखेरीज पोतीं भरूं नयेत. शेंग हालविली असतां दाणा खुळखुळ वाजला आणि दाण्याची लाल साल चोळतांच सुटली, म्हणजे वाळल्याची खूण समजावी. पोतीं जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीं. शेंगा फोडतांना पाण्याचा हात लावूं नये, व फोडलेला दाणा फार दिवस सांठवूं नये.

८. घरीं करण्याची रीत

एक किलो निवडक दाणे मंद आंचेवर, सतत हालवीत, खमंग वास सुटेपर्यंत भाजावे. करपूं देऊं नयेत. निवल्यावर चोळून पाखडून साल काढावी, व कडू लागणारा दाणा वेंचून टाकावा. नंतर थोडथोडे दाणे मिक्सरमध्यें वाटावे. प्रथम कूट होतें, मग त्याचे गोळे बनतात, आणि थांबत थांबत आणखी वाटीत गेल्यास दाण्याचेंच तेल सुटून तें पातळ होतें. येथें घाई करून वरून तेल अगर पाणी घालूं नये. पाण्यानें तर लोणी नासतेंच. चवीपुरतें मीठ चालेल. कोरड्या काचेच्या बरणींत भरून थंड जागीं ठेवावें, कोरडाच चमचा घालावा, व तेल वर आल्यास ढवळून घ्यावें. एका वेळीं तीन-चार आठवड्यांस पुरेल इतकेंच करावें. जुन्या तेलाचा वास आल्यास तें खाऊं नये.

वास्तविक यांत आपणांस नवीन तें काय आहे? सोलापूरकडे शेंगदाण्याची चटणी उखळांत तेल सुटेपर्यंत कुटतात, ती तिखटमिठाचें शेंगदाण्याचें लोणीच होय. भाकरीबरोबर ती खाणाऱ्या आपल्या वाडवडिलांस बरणीची पाटी वाचावी लागली नाहीं, कारण आंत काय घातलें आहे तें त्यांच्या डोळ्यांसमोर असे.

९. सारांश

(१) कमी स्निग्धांशाच्या लोण्यांत चतुर्थांश स्निग्धांश घटतो, परंतु त्याच्या जागीं साखर व मक्याची भुकटी येते. चमच्यामागें उष्मांक तितकेच राहतात व कर्बोदकें दुप्पट होतात.

(२) घटलेला स्निग्धांश बहुतांशीं हितकर जातीचा असतो. सामान्य माणसास, व विशेषतः मधुमेह्यास, निर्भेळ दाण्याचें लोणी बेतानें खाणें अधिक श्रेयस्कर.

(३) पाटीच्या दर्शनी शब्दावर न जातां मागील घटक, कर्बोदकांची ओळ, व एक वेळच्या प्रमाणाचें वजन हीं तीन पाहावींत.

(४) सर्व स्निग्ध पदार्थ वर्ज्य असलेल्या रोग्यानें डॉक्टरांस विचारावें.

(५) निर्भेळ लोण्याची किंमत दाण्याच्या निर्मळपणावर आहे. बुरशीचा, डागाळलेला, सुरकुतलेला दाणा घरांतहि नको, गोठ्यांतहि नको.

आमच्या कुटुंबाचा नेम आतां असा आहे कीं, सकाळच्या भाकरीबरोबर घरच्या लोण्याचा सपाट एक चमचा घ्यावयाचा, आणि अर्धी भाकरी कमी करावयाची. चमचा सपाट आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम आमच्याकडे आहे, आणि आमच्या ताटांतील चमच्यावर त्यांची नजर असते. औषध व तपासणी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें चालूच आहे. ती रिकामी बरणी आम्हीं धुवून ठेवली असून तींत यंदां बियाण्याचा निवडक दाणा नमुन्यादाखल भरला आहे. पाटी मात्र काढली नाहीं. घरीं येणाऱ्या शेतकरी मित्रांस हा हिशेब समजावून सांगण्यास ती उपयोगी पडते.